मार्फत सही नाही

लताबाई पगारे यांच्या खिडकीतून कागद आत जाणं ही सोपी गोष्ट नव्हती. प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक वेळ माणूस न विचारता घुसेल, पण लताबाईंच्या खिडकीतून वेडावाकडा अर्ज आत सरकेल, नाव नको. डावीकडे समास हवा, विषय मधोमध हवा, वर्ग हवा, हजेरी क्रमांक हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली कोपऱ्यात 'मार्फत: विभागप्रमुख' असं लिहून त्यावर त्या विभागप्रमुखांची सही हवी. ती नसली की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि अर्ज आला तसा बाहेर ढकलायच्या. "मार्फत सही नाही. पुढचा कोण?"

नाशिकच्या कडेला, द्राक्षबागा संपून इमारती सुरू होतात तिथं हे कॉलेज. बाईंचे यजमान जयराम तिथंच प्रयोगशाळेत परिचर होते. ते गेले आणि बाई अनुकंपेवर शिपाई म्हणून लागल्या. मग टायपिंगची परीक्षा दिली, कॉम्प्युटरची दिली आणि आवक-जावक लिपिक झाल्या. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा आणि रजिस्टरात चढवायचा. नंबर पडला की तो कागद आहे, नाही पडला तर तो नव्हताच. लिपिक झाल्या तरी पोरं हाक मारायची ती मावशी म्हणूनच. हा राग आपण पोरांवर कधी काढला नाही, असं बाई सांगायच्या. खरं असेल. अर्जांवर मात्र भरपूर काढला.

सात वर्षांपूर्वी त्यांना अंतर्गत तक्रार समितीवर घेतलं. कुणी मुलीच्या अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, त्रास दिला, तर तिनं जायचं ती ही समिती. नियमात शिक्षकेतर कर्मचारीही लागतात. बाईंची निवड झाली म्हणजे काय, तर सावळीराम शिपाई एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, हितं सही करा." केली. मग जिन्याजवळ एक पाटी लागली, तिच्यावर पाचव्या ओळीत 'श्रीमती लता पगारे, सदस्य' असं नाव आलं. पाटीवरचा फोन नंबर ज्या फोनचा होता तो फोन कधीच कापला गेलेला होता.

दर जूनमध्ये समिती बसायची. पोहे यायचे, चहा यायचा. अध्यक्ष तेजस्विनी आहेर मॅडम वाचायच्या, "गेल्या वर्षात प्राप्त तक्रारी: निरंक." निरंक म्हणजे शून्य. सगळ्यांनी सह्या करायच्या आणि पोह्यांची ताटली सावळीरामकडं द्यायची. बाहेरच्या संस्थेच्या एक बाई समितीवर होत्या, पण तक्रारच नाही तर त्यांना लांबून कशाला बोलवायचं, म्हणून त्यांना कधी बोलावलं नाही. स्नेहसंमेलनात प्राचार्य छाती फुगवून हे निरंक सांगायचे. आता कॉलेजात हजारभर मुली, आणि सात वर्षांत एकीलाही काही झालं नाही. अहो, तेवढ्या काळात पार्किंगमधून नऊ गाड्या चोरीला गेल्या होत्या. पण असले हिशेब कोण घालतंय.

जानेवारीत स्नेहल भोये नावाची मुलगी खिडकीशी आली. दुसऱ्या वर्षाला, बीएस्सी, गाव सुरगाण्याच्या बाजूचं, राहायला वसतिगृहात. अर्ज असा: रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलची मंगळवारची बॅच बदलून गुरुवारची मिळणेबाबत. कारण, घरगुती अडचण. बाईंनी पाहिलं, समास नव्हता. परत.

दोन दिवसांनी पुन्हा आली. आता समास होता, मार्फतही लिहिलं होतं, पण त्यावर सही नव्हती. बाई म्हणाल्या, "खैरनार सर केबिनमध्येच आहेत. जा, दोन मिनिटांचं काम." परत.

तिसऱ्या वेळी तीच मुलगी, तोच अर्ज, सहीची जागा तशीच कोरी. मागे बसच्या पासवाल्या पोरांची रांग. बाईंचं डोकं तापलं. "अगं, तुला मराठी कळतं ना? मार्फत सही कुठाय?"

मुलगी खिडकीला तोंड लावून हळू म्हणाली, "मंगळवारची बॅच खैरनार सरच घेतात मावशी. त्यांच्यामुळंच तर बदलायचीय. त्यांच्याकडंच सहीला कशी जाऊ?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. मुलगी पुढं म्हणाली, "जिन्याजवळच्या पाटीवर तुमचं नाव आहे. म्हणून मी तुमच्याच खिडकीला येत होते. मला वाटलं, अर्ज वाचून तुमच्या लक्षात येईल."

लताबाईंना लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. या पोरीनं तीन वेळा मदत मागितली आणि आपण तीन वेळा समास आणि सही बघितली. वर त्या माणसाच्या केबिनमध्ये जा म्हणून सांगितलं, दोन मिनिटांचं काम म्हणून. त्यांनी भर अकरा वाजता खिडकी लावून घेतली. रांगेतली पोरं बघतच राहिली, कारण ती खिडकी सुट्टीशिवाय कुणी बंद पाहिली नव्हती.

रेकॉर्डच्या खोलीत दोघी बसल्या. बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "पण तू एकटी कशाला थांबलीस गं केबिनमध्ये?" मुलीनं मान खाली घातली. बाईंना आपलाच प्रश्न ऐकू आला. इतका तयार प्रश्न डोक्यात आला कुठून, तर त्यांनाही कुणीतरी कधीतरी तोच विचारला होता. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तू सांग. मी मध्ये बोलत नाही."

मग तिनं सांगितलं. ब्युरेटचं रीडिंग दाखवतो म्हणून सर मागून खेटून उभे राहायचे. खांद्यावरचा हात खाली यायचा. बाजूला सरकलं की सगळ्यांदेखत म्हणायचे, हिला शिकायचंच नाही. डिसेंबरात जर्नल तपासायला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि धरून ओढलं. ती हिसका देऊन पळाली, जर्नल तिथंच राहिलं. आता मेसेज येत होते: जर्नल न्यायला ये, एकटी ये, प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात आहेत ते विसरू नकोस. खोलीतली मैत्रीण म्हणाली होती, मेसेज पुसून टाक आणि विसरून जा. हिनं पुसले नव्हते.

"मी ओरडले का नाही मावशी?" ती म्हणाली. "तेच डोक्यातून जात नाही. ओरडले असते तर लोक आले असते."

"ओरडायचं सुचत नाही गं. अंग गोठतं. त्यात तुझा काही दोष नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाईंना शिपाई असतानाची एक दुपार आठवली. त्या प्रश्नानंतर ती त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला.

आणि इथं लताबाईंचा तो जगाला नको झालेला काटेकोरपणा पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला. "घरगुती अडचण खोड. घर बिचारं तिकडं सुरगाण्याला, त्याचा काय संबंध? गैरवर्तन केलं असं मोघम लिहू नकोस, काय केलं ते लिही. तारीख लिही. वेळ लिही. बाजूच्या टेबलवर कोण होतं, लिही. ते काय बोलले, ते त्यांच्याच शब्दांत लिही." मेसेजचे फोटो काढून त्यांनी स्वतः प्रिंट मारले. मोबाईलमधले पुसू नकोस म्हणून दोनदा बजावलं. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते, आणि तिची मुदत अजून शिल्लक होती. "पोलिसांत जायचं असेल तर तेही आहे. मी येईन बरोबर. पण ते तू ठरवायचं, मी नाही, आणि साहेबांनी तर नाहीच."

सगळं लिहून झाल्यावर मुलीनं सवयीनं विचारलं, "आणि मार्फत?"

"याला मार्फत लागत नाही," लताबाई म्हणाल्या. उभ्या नोकरीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

अर्ज अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती यांच्या नावे. आवक क्रमांक चारशे सतरा. शिक्का मारलेली पोच मुलीच्या हातात. इथवर सगळं नीट झालं, आणि मग बाईंनी वीस वर्षांच्या सवयीनं तो अर्ज इतर टपालाबरोबर प्राचार्यांच्या फोल्डरमध्ये ठेवला. आलेला कागद आधी साहेबांकडं, ही रीत. दिवसाचे चाळीस कागद साहेब दहा मिनिटांत काढायचे. अर्जदाराचा विभाग बघायचा, कोपऱ्यात हिरव्या शाईनं शेरा मारायचा, पुढचा. स्नेहलच्या तक्रारीवर त्यांनी लिहिलं: 'विभागप्रमुख, रसायनशास्त्र. योग्य ती कार्यवाही करावी.' खाली सही, तारीख.

सावळीराम वाटपाचे कागद घेऊन निघाला तेव्हा बाईंना वरचाच कागद दिसला. त्या उठून धावल्या. सावळीरामला त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात गाठलं.

"काय झालं मावशी? मी देतो की सरांला."

"हा नाही द्यायचा. आण इकडं."

ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडंच कार्यवाहीला. बाईंना साहेबांचा राग आला, मग स्वतःचा आला, कारण फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या त्याच. कागद पदराखाली धरून त्या आहेर मॅडमकडं गेल्या. मॅडम वाईट नव्हत्या. दर महिला दिनाला पोस्टर स्पर्धा घ्यायच्या, मुली त्यात मुठी आवळलेल्या बायका काढायच्या. त्यांनी तक्रार वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "लताबाई, म्हणजे आता खरंच समिती बसवावी लागणार हो." सात वर्षं अध्यक्ष असलेल्या बाईला ही बातमी होती.

मॅडमनी साहेबांच्या कानावर घातलं, आणि संध्याकाळी त्यांनी दोघींना बोलावलं. महिन्याभरात मूल्यांकनाची समिती कॉलेज बघायला यायची होती, भिंतींना रंग चालू होता. साहेब म्हणाले, "लताबाई, तो नंबर खोडा."

"खोडता येत नाही साहेब. चारशे अठरावर विद्यापीठाचं पत्र चढलंय."

"मग मुलीला बोलवा, समजावून सांगू. तिच्या वडिलांना फोन लावा. तिच्याच भल्याचं आहे हे."

"तिचं नाव कुणाला सांगायचं नाही, असा नियम आहे साहेब. तिनं सांगितल्याशिवाय घरीसुद्धा नाही."

"कुठला नियम?"

"जिन्याजवळच्या पाटीवर आहे. बारीक अक्षरात." बाईंनी हे त्याच दुपारी उभं राहून वाचून काढलं होतं. "आणि साहेब, तक्रारीवर तुमचा शेरा आहे, तारखेसकट. ती तुमच्यापर्यंत आलीच नाही असं आता म्हणता येणार नाही."

साहेबांनी आपलंच हिरवं अक्षर वाचलं. ज्याला कार्यवाही करायला सांगितली होती त्याचं नाव तक्रारीत शोधलं, ते दुसऱ्याच ओळीत सापडलं. मग त्यांनी पाणी मागवलं. चार दिवसांत समिती बसली. खैरनारांना प्रॅक्टिकलपासून आणि स्नेहलच्या मार्कांपासून बाजूला केलं. तिची बॅच मंगळवारचीच राहिली, सर बदलले. घरी तिनं स्वतःच फोन केला. वडील सोमा भोये तेव्हा दिंडोरीकडं द्राक्षांच्या कामाला होते. ते म्हणाले, "परीक्षा देऊनच ये. मधी येऊ नको."

पण हे झालं चौकशीपुरतं. तक्रार खरी ठरली नाही तर खैरनार पुन्हा त्याच केबिनमध्ये बसणार होते आणि स्नेहलला अजून दीड वर्ष त्यांच्याच हाताखाली काढायचं होतं. ते तिला पक्कं माहीत होतं. "तसं झालं तर मी सोडणार मावशी," तिनं सांगून टाकलं होतं.

पहिल्या बैठकीला बाहेरच्या सदस्य संजना निकम आल्या, सात वर्षांत प्रथमच. खैरनार सर इस्त्रीच्या शर्टात, शांत. जर्नल न्यायला ये यात गैर काय, म्हणाले. एकटी ये म्हटलं, कारण केबिन लहान आहे. मार्कांचं म्हटलं, कारण मुलगी अभ्यासात कच्ची. ती पळाली तेव्हा कुणी पाहिलं का, तर नाही. मग त्यांनी फाईल उघडली. आत सात वर्षांचे निरंक अहवाल, प्रत्येकाची झेरॉक्स. "माझ्या हाताखालून शेकडो मुली शिकून गेल्या. एक तक्रार दाखवा. आणि या अहवालांवर इथंच बसलेल्यांच्या सह्या आहेत." ते लताबाईंकडं वळून हसले. "हो ना लताबाई? सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती. सातही ठिकाणी, झोकात काढलेली. स्नेहल टेबलाच्या कडेकडं बघत होती. हिनं पोच मिळवली, सगळं तारखेनिशी लिहिलं, आणि आता ही पोर हरणार ती आपल्या सहीमुळं.

"मला पाच मिनिटं द्या," असं म्हणून त्या उठल्या आणि खिडकीतली एक जाड वही घेऊन आल्या. ही वही कुठल्या नियमात नव्हती, ती त्यांनी स्वतःच काढली होती. मी अर्ज दिलेला, मावशींनीच हरवला, असं पोरं म्हणायची, म्हणून परत केलेल्या प्रत्येक अर्जाची त्या नोंद ठेवायच्या. तारीख, नाव, विषय, परत करण्याचं कारण. उभ्यानंच त्यांनी वाचायला सुरुवात केली. रसायनशास्त्र, बॅच बदलणेबाबत, घरगुती अडचण. परत, मार्फत सही नाही. पुढची. रसायनशास्त्र, बॅच बदलणेबाबत, घरगुती अडचण. परत, मार्फत सही नाही. काही नावं दोनदा होती, काही तीनदा. स्नेहल सोडून अकरा जणी निघाल्या. सगळ्या मुली, सगळ्या खैरनारांच्या बॅचमधल्या. मुलग्याचा अर्ज एक नाही.

"या अकरा जणींचे अर्ज मी परत केले," लताबाई म्हणाल्या. "आणि निरंकवर सहीही मीच केली. मी आता समितीवर बसू शकत नाही. मला साक्षीदार म्हणून लिहा."

खैरनार म्हणाले, घरगुती अडचण म्हणजे घरगुती अडचण, त्यात माझं नाव कुठं आहे? ते खरंच होतं. संजनाताई म्हणाल्या, "या मुलींची स्वतःची तक्रार द्यायची मुदत गेली. पण साक्ष द्यायला त्या येऊ शकतात. एक जरी आली तरी खूप फरक पडेल. पुढची बैठक मंगळवारी ठेवू."

दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो मिळाला. कार्यालयीन नोंदी विनापरवानगी बैठकीत नेल्याबद्दल खुलासा करावा. मेमोला जावक क्रमांक द्यायचा तोही त्यांनीच. दिला, रजिस्टरात चढवला आणि पोच म्हणून स्वतःच सही केली.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या जुन्या प्रवेश अर्जांवरचे नंबर फिरवायला लागल्या. तीन नंबर बंद झाले होते. एकीचा फोन सासूनं उचलला, तेव्हा सर्टिफिकेट न्यायचं राहिलंय असं सांगून बाईंनी तो ठेवून दिला. एक जण राँग नंबर म्हणाली, आवाज तिचाच होता. मालेगावात दिलेली एक सगळं ऐकून घेऊन रडली आणि म्हणाली, माझं आता बरं चाललंय, मला यात नका ओढू. बाई म्हणाल्या, नाही ओढत, तू सुखी राहा. कुणालाही त्यांनी दुसऱ्यांदा फोन केला नाही. शुक्रवारपर्यंत दहा नावांपुढं फुली होती.

शेवटचं नाव वहीतलं सगळ्यात जुनं होतं, आरोही. सहा वर्षांपूर्वीची. दुसऱ्या वर्षाला असतानाच तिनं कॉलेज सोडलं होतं. आता लासलगावला एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कॉम्प्युटरवर बसत होती. तिनं फोन उचलला तेव्हा मागं कांद्याच्या लिलावाचा पुकारा चालला होता, ट्रॅक्टरांची घरघर होती. बाईंनी आपलं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं.

"मार्फतवाल्या मावशी?" पलीकडून आवाज आला.

"हो. तीच."

बाईंनी सगळं सांगितलं. नाव न घेता, एका पोरीवर काय गुदरलं, तिनं तक्रार कशी दिली, वहीत किती नावं निघाली. सांगून संपलं तेव्हा आरोही म्हणाली, "मी तीन वेळा आले होते तुमच्या खिडकीला."

"वहीत आहे. तिन्ही तारखा आहेत." बाई म्हणाल्या. "माझं चुकलं गं पोरी. मी वाचलंच नाही."

पलीकडं पुकारा थांबला, पुन्हा सुरू झाला. मग आरोही म्हणाली, "मंगळवारी किती वाजता?"

"अकराला."

"येते. त्या मुलीला सांगा, मी येते. समोर बसून सगळं तोंडानं सांगते. फक्त मावशी, मला अर्ज लिहायला लावू नका."